चिलटाला गुरू लागत नाही, मग फिंचला का लागतो?

पेटीवाले आजोबा, ग्वाल्हेर

नमस्कार मंडळी. टाइप नात करतेय, बोलतोय मी. मधेमधे ती स्वतःचं घुसवायला बघते, तेव्हा एखादं वाक्य फारच शहाणं वाटलं तर ते तिचं समजा.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्यापासून चालत सात-आठ मिनिटांवर आमचं घर आणि खाली पेटी दुरुस्तीचं दुकान. वडिलांचं होतं, आता माझं, पुढे कुणाचं नाही. चार पिढ्या इथेच गेल्या, त्यामुळे मराठीत हिंदी डोकावली तर सांभाळून घ्या.

गेल्या दिवाळीआधी नातीच्या हट्टापायी झेब्रा फिंचची जोडी आणली. चिमणीहून लहान पाखरं. नराची चोच लालभडक, गालावर नारिंगी ठिपका, छातीवर बारीक काळ्या रेघा. मादी आपली राखाडी, साधी. विकणारा म्हणाला होता, "बाबूजी, दिनभर गाएगा." आणि खरंच गायचा. सेकंदभराचीसुद्धा नाही अशी एकच चीज, पण दर वेळी तंतोतंत तीच. आधी दोन बारीक ठोके, मग एक घासलेला लांब स्वर, मग खाली घसरत 'ट्यांव', आणि पुन्हा पहिला ठोका. एकदा गिऱ्हाईकाच्या पेटीची पत्ती, म्हणजे आतली सूर देणारी पितळी पट्टी, कानशीने घासताना माझ्या ध्यानात आलं, आपण तोंडाने तेच वाजवतोय.

फेब्रुवारीत अंडी घातली, तीन पिल्लं निघाली. पिल्लं सतरा-अठरा दिवसांची असताना रात्री बोका व्हरांड्यात शिरला आणि त्याने पिंजरा पाडला. कडी नीट लावली नव्हती, चूक माझीच. सकाळी नर आणि एक पिल्लू गेलेलं. उरली आई आणि दोन पिल्लं. पुढे रंग उघडले तेव्हा कळलं, एक नर आणि एक मादी.

हा छोटा नर चाळीसेक दिवसांचा झाल्यावर कुरकुरायला लागला. डोळे अर्धे मिटलेले, गळ्याची पिसं थरथरतायत, आवाज अगदी तोंडातल्या तोंडात. लहान मूल दुपारी एकटंच बडबडतं ना, तसं. मला वाटलं, आता बापाची चीज बाहेर पडणार. नाही पडली. आज तो सहा महिन्यांचा आहे आणि जे काही काढतो त्याला गाणं म्हणायला माझी जीभ वळत नाही. एकच स्वर ओढतो, ओढतच राहतो, तोही खरखरीत. पत्तीखाली कचरा अडकला की पेटी जशी बोलते, डिट्टो तसा. मधेच आईची हाक चार वेळा जशीच्या तशी. लय नाही, सम नाही.

बापाचं गाणं माझ्या फोनमध्ये होतं. दीड महिना रोज सकाळी तासभर पिंजऱ्याशेजारी लावलं. ढिम्म.

मी नातीला म्हटलं, याला गुरू मिळाला नाही. ती इथल्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. म्हणाली, "आजोबा, चिलटांना असलं काही लागत नाही. चिलट उपजतच गातं." मी हसलो. टेबलावर पिकलेली केळी होती आणि वर नेहमीची मंडळी घिरट्या घालत होती. ही गातात? ती म्हणाली, गातात, नर मादीसाठी गातो, पंखाने गातो, आणि आयुष्यात दुसरं चिलट पाहिलं नसेल तरी बरोबर गातो.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. आमच्या गावात तानसेनच्या समाधीशेजारच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात. मीही लहानपणी खाल्लाय, फक्त दात आंबले. गुरूविना गाणं नाही हेच इथे जन्मभर ऐकलं. आणि राईएवढ्या डोक्याचं चिलट फुकटात गाणं घेऊन येतं? मग एवढ्या मोठ्या मेंदूच्या पाखराला निसर्गाने असं परावलंबी का ठेवलं? दोघांत थोर कोण? आणि मुख्य म्हणजे, माझ्या या पाखराला आता काही शिकवता येईल का? जाणकारांनी सांगावं. थट्टा केली तरी चालेल, पण उत्तरही द्या.

बाटलीतली माशी, पुणे

आजोबा, नात बरोबर सांगतेय. माझी पीएचडी याच चिलटांवर चालू आहे, सहावं वर्ष. आईला अजून वाटतं मी डासांचं औषध शोधतेय.

आधी नावाचा घोळ मिटवते. शेतकरी ज्याला फळमाशी म्हणतात, आंब्या-पेरूला भोक पाडून आत अंडी घालणारी, ती वेगळी आणि मोठी. आमचं ते केळ्यावरचं, व्हिनेगरवरचं, लाल डोळ्यांचं, अडीच-तीन मिलिमीटरचं चिलट. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. मक्याचं पीठ, साखर आणि यीस्टच्या खळीवर बाटलीत वाढतं. २५ अंशाला ठेवलं तर अंड्यापासून उडत्या चिलटापर्यंत दहा दिवस पुरतात. म्हणून तर आम्ही वेडे त्याच्यामागे.

आता गाणं. नर मादीच्या मागे मागे चालतो, पुढच्या पायाने तिला टिचकी मारतो, मग एकच पंख, बहुतेक वेळा तिच्या बाजूचा, शरीराशी काटकोनात ताणून धरतो आणि थरथरवतो. दुसरा पंख पाठीवर मिटलेला. गाण्याचे दोन ठळक भाग. एक सलग गुणगुण, साधारण दीडशे-एकशेसाठ हर्ट्झची. मी कॉलेजात असताना पेटी शिकायचे म्हणून सांगते, ती तुमच्या पेटीच्या खालच्या सप्तकात पांढरी दोन आणि पांढरी तीनच्या मधे कुठेतरी पडेल. दुसरा भाग म्हणजे सुटे ठोके. दोन ठोक्यांत सुमारे ३५ मिलिसेकंदांचं अंतर, म्हणजे सेकंदाला अठ्ठावीसच्या आसपास. तबल्यावर कुणी एवढा रेला काढून दाखवावा. याच्या अगदी जवळच्या नात्यातली दुसरी जात आहे, सिम्युलन्स. तिच्या ठोक्यांतलं अंतर पन्नासच्या घरात. भिंगाखाली दोघांच्या माद्या ओळखताना माझे डोळे फिरतात, पण मादीला ठोक्यांवरून कळतं की हा आपला.

उकाड्यात ठोके जवळ येतात, थंडीत लांबतात. आणि हे सगळं कानाने ऐकू येत नाही बरं का. आम्ही बारीक मायक्रोफोन लावून, खोकं बंद करून, आवाज वाढवून ऐकतो. मादीला कान नाहीतच. तिच्या डोक्यावरच्या शृंगिकेवर (अँटेनावर) पिसासारखा एक केस असतो, तो हवेच्या झुळकीने हलतो आणि बुडाशी असलेला अवयव ते टिपतो. मैफल काही मिलिमीटरची.

गुरूचं म्हणाल तर, मी स्वतः कोष असतानाच नर वेगळा काढून एकेकट्या नळीत ठेवते. त्याने बाप पाहिलेला नाही, भाऊ नाही, मादी नाही. चार-पाच दिवसांनी पहिल्यांदा मादीसमोर सोडला की आधी क्षणभर गोंधळतो, मग पंख बाहेर. ठोके बरोबर. हे बघताना मला अजून कसंतरी होतं.

यामागे मोठा वाटा एका जनुकाचा आहे, फ्रूटलेस नावाचा. १९६३ साली कुलबीर गिल यांनी एक बिघडलेला वाण नोंदवला होता, त्यातले नर नरांचीच मनधरणी करायचे. तिथून हा धागा निघाला. हा जनुक नर-मादी दोघांतही असतो, पण वाचला वेगळा जातो. २००५ साली मादीत तो नरासारखा वाचायला लावला, तर मादी दुसऱ्या माद्यांच्या मागे पंख पसरून फिरू लागली. २००८ चा प्रयोग तर भयंकरच. डोकं काढलेल्या चिलटाच्या ठरावीक चेतापेशी प्रकाशाने चेतवल्या, आणि त्याने गाणं काढलं. ठोके तयार करणारं यंत्र डोक्यात नाही, छातीतल्या चेतागाठीत आहे. मादीच्या छातीतही ते यंत्र निघालं, फक्त तिचं गाणं बेताल.

म्हणजे तुमच्या भाषेत, चिलट पत्ती घासून, सूर लावून, कारखान्यातूनच पेटीत बसून येतं.

पेटीवाले आजोबा, ग्वाल्हेर

बाई गं, डोकं नसताना गातं! हे मी दुकानात दोन गवयांना सांगितलं. एक म्हणाला, "त्यात काय, असे आम्ही रोज ऐकतो."

पण पत्तीचं म्हणालीस ते बरोबर नाही. कारखान्यातून आलेली पत्ती सुरात नसतेच. टोकाशी घासली की चढते, मुळाशी घासली की उतरते, आणि किती घासायची ते कान सांगतो. कच्चा हात असेल तर पत्ती पातळ होऊन तुटते. तुझं चिलट मला पेटी कमी आणि शिट्टी जास्त वाटतंय. फुंकली की एकच आवाज.

बाटलीतली माशी, पुणे

शिट्टी म्हणू नका, राग येतो आम्हाला!

२०१४ च्या सुमारास प्रिन्स्टनच्या गटाने दाखवलं की नर मादीचा वेग आणि तिचं अंतर बघून गाणं बदलतो. ठोके द्यायचे की गुणगुण, कुठे थांबायचं, सगळं क्षणाक्षणाला ठरवतो. ती लांब गेली की आवाजही वाढवतो. बंदिश जन्मजात, पण श्रोता बघून मांडणी. नुसत्या शिट्टीला एवढं जमत नाही.

आणि एक गंमत, जी तुमच्या नातीलाही माहीत नसेल. २०१८ साली नागोयाच्या संशोधकांनी दाखवलं की मादी तरुणपणी कोणतं गाणं ऐकते, यावर पुढे तिची निवड ठरते. आपल्या जातीचे ठोके ऐकून वाढलेली मादी परक्या अंतराच्या ठोक्यांना भाव देत नाही, आणि काहीच न ऐकलेली मादी दोन्ही चालवून घेते. थोडक्यात, चिलटांमध्ये गवई शिकत नाही, श्रोता शिकतो.

मुनियावाला, नागपूर

आजोबा, मी बावीस वर्षं फिंच पाळतोय. चिलटांचं मला काही कळत नाही, पण तुमच्या पाखराचं कळतं.

तुमचं गणित इथे बिघडलं. झेब्रा फिंचचं पिल्लू साधारण विसाव्या दिवशी घरट्याबाहेर पडतं. पंचविसाव्या दिवसापासून पुढचा महिना-सव्वा महिना ते बापाचं गाणं डोक्यात भरून घेतं. तेव्हा तोंड बंद, कान उघडे. पस्तिशीनंतर ती कुरकुर सुरू होते, जी तुम्ही पाहिलीत, आणि नव्वदाव्या दिवसापर्यंत गाणं पक्कं होतं. एकदा पक्कं झालं की जन्मभर तेच. मादी गात नाही, फक्त हाका मारते, त्यामुळे आईकडून शिकायला हाकांशिवाय काहीच नव्हतं. तुमचा नर गेला सतराव्या-अठराव्या दिवशी. शाळा उघडायच्या आठ दिवस आधी मास्तर गेले म्हणा ना.

लांब खरखरीत स्वर, मधे हाका, लय नाही, हे जे तुम्ही लिहिलंय ते एकटं वाढलेल्या नराचं ठरलेलं लक्षण आहे. माझ्याकडेही असा एक होता. त्याचा आवाज ऐकून बायको म्हणायची, दाराला तेल घाला.

फोनवरचं रेकॉर्डिंग का चाललं नाही? कारण पिल्लू नुसत्या आवाजाकडून फारसं शिकत नाही. समोर जिवंत नर हवा, त्याची लगट हवी, त्याची टोचही हवी. कोणाकडून शिकायचं हे ते नात्यावरून ठरवतं. जर्मनीत इमेलमान नावाच्या शास्त्रज्ञाने झेब्रा फिंचची अंडी बंगाली फिंचच्या जोडीखाली उबवली. पोरं मोठी होऊन पालक बापाचं, म्हणजे परक्या जातीचं गाणं गायला लागली, शेजारच्या पिंजऱ्यात स्वतःच्या जातीचे नर ओरडत असतानाही. ज्याने भरवलं त्याचं गाणं.

आता शिकेल का? मी खोटी आशा लावणार नाही. पण गुरू न मिळालेल्या पाखराची खिडकी थोडी उशिरा मिटते हेही खरं. चांगला गाणारा मोठा नर शेजारच्या पिंजऱ्यात ठेवून बघा, एखादा तुकडा उचलला तर उचलला. सहा महिने म्हणजे उशीरच.

आणि हो, बहिणीबरोबर जोडी लावू नका. बरेच जण लावतात.

उडतं पाखरू, इंदूर

एवढी चर्चा गाण्याची, पण पिंजऱ्यावर कोणीच बोललं नाही. सोडून द्या त्यांना, गातील आपोआप.

मुनियावाला, नागपूर

कुठे सोडायचं? ही ऑस्ट्रेलियाची जात आहे, पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेली. लष्कराच्या गच्चीवर सोडली तर संध्याकाळपर्यंत कावळा नाहीतर शिक्रा. आपल्या रानातल्या मुनिया पकडून विकतात त्यावर बोला ना. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि तरी रंग लावलेल्या मुनिया बाजारात दिसतात. मी स्वतः दोनदा तक्रार केलीय.

खमाज, पुणे (मूळचा जनकगंजचा)

आजोबा, आपल्या गावचं कोणी दिसलं की बरं वाटतं. मी लहानपणी माधव संगीत महाविद्यालयात तबला शिकायला जायचो. १९१८ पासून ते चालू आहे, भातखंड्यांचा हात लागलेलं.

एक शंका. जिवंत गुरूशिवाय शिकता येत नाही म्हणता, तर मग हद्दू-हस्सू खाँची गोष्ट काय? दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे मुहम्मद खाँ गायचे. त्यांची तान कोणाला मिळत नव्हती. या दोघा भावांना म्हणे महाराजांनी पडद्याआड बसवून रोज ऐकवलं, आणि काही महिन्यांनी त्यांनी दरबारात तीच तान हुबेहूब मारली. समोर न बसता, बोट न धरता. हे तर तुमच्या फोनसारखंच झालं की!

बाटलीतली माशी, पुणे

वा, मस्त मुद्दा. गोष्ट किती खरी ते तुम्ही ग्वाल्हेरवाले जाणा, पण पाखरांच्या बाजूने दोन गोष्टी सांगते.

एक, हद्दू-हस्सू खाँ कोरे नव्हते. घरचं गाणं होतं, त्यांचे आजोबा म्हणजे गवई नत्थन पीरबख्श. कान आधीच तयार. नवखं पिल्लू पडद्याआड बसवून चाललं नसतं.

दुसरी जास्त मजेची. प्रयोगात पिल्लाला नुसतं रेकॉर्डिंग ऐकवलं तर फार काही होत नाही. पण पिंजऱ्यात एक कळ ठेवली, चोचीने दाबली की गाणं वाजतं अशी, तर पिल्लं त्याच रेकॉर्डिंगवरून बरंच उचलतात. मागून घेतलेलं गाणं लागतं. महाराजांनी बसवलं असलं तरी ते दोघे भाऊ पडद्याआड स्वतःच्या ओढीने कान टवकारून बसले होते. आजोबांच्या पिल्लाला रोज सकाळी तासभर गाणं लादलं जात होतं. आमच्या घरी रेडिओ लागायचा तसं.

आणि आजोबा, थोर कोण हे मला ठरवता येणार नाही, पण हिशेब मांडते. चिलटाच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा २०२४ मध्ये पूर्ण झाला. त्यात १,३९,२५५ चेतापेशी. झेब्रा फिंचच्या मेंदूत सुमारे १३ कोटी. चिलटाचा नर एवढ्याशा मेंदूत आणि काही आठवड्यांच्या आयुष्यात शिकत बसला तर संपलाच. त्याचा बाप कुठल्या केळ्यावर होता हेही त्याला माहीत नाही. शिकवणार कोण? फिंचकडे बाप आहे, आई आहे, पाच-सात वर्षांचं आयुष्य आहे. त्याला शिकणं परवडतं, आणि शिकण्यासाठी मेंदूत वेगळ्या गाठी आहेत. त्या नरात मादीपेक्षा कितीतरी मोठ्या असतात हे १९७६ साली दिसलं, तेव्हा मोठी खळबळ माजली होती.

तरी दोघं अगदीच परके नाहीत. फॉक्सपी नावाचं एक जनुकांचं कुटुंब आहे. फिंचच्या मेंदूत त्यातला एक जनुक दाबला तर पिल्लू बापाचं गाणं अर्धवट, चुकतमाकत उचलतं. चिलटात त्याचा एकच भाऊबंद आहे. तो बिघडला तर चिलट स्वतःच्या हालचालींतून, करून बघून शिकण्यात कच्चं राहतं.

अजून एक, तुम्हाला आवडेल असं. फिंच गाणं पाठ झाल्यावरही रोज गातं, समोर कोणी नसताना. २०२३ च्या एका अभ्यासात नरांना काही दिवस गाऊ दिलं नाही, तर गळ्याचे स्नायू ढिले पडले आणि गाणं उतरलं. म्हणजे रियाज. २००० साली तर असंही दिसलं की झोपेत त्यांच्या मेंदूतल्या गाण्याच्या पेशी दिवसाच्याच क्रमाने ठणकतात.

पेटीवाले आजोबा, ग्वाल्हेर

झोपेत! आमच्या वडिलांचं बोट झोपेत चादरीवर चालायचं, आई सांगायची.

एक विचारू का? धरून चला, याला नाहीच आलं. याची पुढे जोडी लावली, पिल्लं झाली, तर ती याच्याकडून हेच खरखरीत शिकणार. त्यांची पोरं त्यांच्याकडून. म्हणजे माझ्या व्हरांड्यात बेसूर घराणं सुरू होणार का?

बाटलीतली माशी, पुणे

आजोबा, हाच प्रश्न न्यूयॉर्कच्या एका गटाने विचारला होता. २००९ साली नेचर या विज्ञानपत्रिकेत छापून आला. त्यांनी एकटे वाढलेले, तुमच्यासारखेच खरखरणारे नर गुरू म्हणून दिले. पिल्लांनी त्यांची नक्कल केली, पण हुबेहूब नाही. फार लांब स्वर थोडे आखूड केले, खरखर थोडी कमी केली. ती पिल्लं मोठी झाल्यावर पुढच्या पिल्लांना गुरू म्हणून दिली. त्यांनी आणखी सुधारलं. तीन-चार पिढ्यांत गाणं पुन्हा रानातल्या फिंचसारखं झालं. चांगलं गाणं कोणीच ऐकवलेलं नव्हतं.

तेव्हा काहीतरी आत असतंच. चिलटात सगळी चीज आत असते, फिंचमध्ये बहुधा कानाची आवड तेवढी आत असते आणि चीज बाहेरून यावी लागते.

पेटीवाले आजोबा, ग्वाल्हेर

हे वाचून मी बराच वेळ पायरीवर बसून होतो. नातीला दोनदा वाचायला लावलं.

मला आमच्या दुकानातली एक जुनी पेटी आठवली. वडिलांच्या काळातली, कोणीतरी चुकीच्या हाताने घासलेली. मी ती तीन वेळा सुधारली, दर वेळी थोडी जवळ आली, पूर्ण कधीच नाही. पत्ती एकदा पातळ झाली की झाली. पाखरांत मात्र नवी पत्ती येते, दर पिढीला.

मुनियावाल्यांचं ऐकलं. बहीण दुसऱ्या एका घरी दिली, तिथे चांगला नर आहे. याच्यासाठी वेगळी मादी आणली, दुसऱ्या विक्रेत्याकडून. नवा गुरू नर आणला नाही. नात रागावली. म्हणाली, मागून पिल्लांना तरी चांगलं शिकायला मिळेल. मी म्हटलं, नको, मला बघायचंय.

पेटीवाले आजोबा, ग्वाल्हेर (दोन महिन्यांनी)

कळवायचं राहिलं होतं. मादीने त्याच्या गाण्याला आधी तोंड फिरवलं. आठवडाभर दांडीच्या दुसऱ्या टोकाला बसायची. मग काय झालं कोण जाणे, एका सकाळी दोघं एकमेकांची पिसं साफ करत होती. पाच अंडी घातली, चार पिल्लं निघाली, आज एकवीस दिवसांची आहेत. चौघंही घरट्याबाहेर आलीत. नर कोण ते अजून कळत नाही.

कॅलेंडरवर चार दिवसांनंतरच्या तारखेवर मी लाल गोल केलाय. व्हरांड्याच्या दाराला दोन कड्या लावल्यात आणि आता रोज रात्री नात आणि मी दोघंही तपासतो.

मधल्या काळात नातीने कॉलेजातून चिलटांची एक नळी आणली होती. घड्याळजीचं भिंग आहे माझ्याकडे, पत्तीची धार बघायला डोळ्यात अडकवतो ते. ते लावून बसलो. मादी खळीवर उभी. नर मागून आला, थांबला, टिचकी मारली. मग उजवा पंख सरळ बाहेर. इतका पातळ की त्याच्यामागची काच दिसत होती, आणि धार थरथरून धूसर झालेली. मी श्वास धरला. ऐकू काहीच आलं नाही. वर पिंजऱ्यात तेवढ्यात आमच्या पठ्ठ्याने आपला लांब स्वर सुरू केला, तो ओढत राहिला, आणि पिल्लांपैकी एक दांडीवर सरकत त्याच्या अगदी जवळ जाऊन बसलं.